एक्का-राजा हातात असताना पत्ते टाकावेत का?

वाचकाचे पत्र

"ताई, सप्रेम नमस्कार. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. सहा वर्षे पोकर खेळतो. पूर्वी मोबाइलवर खेळायचो, आता वर्षातून दोनदा गोव्याला जातो. दिवाळीनंतरच्या एका स्पर्धेत मी शेवटच्या चौघांत पोहोचलो. बक्षिसे तीनच होती : 5 लाख, 3 लाख आणि 2 लाख. चौथ्याला काही नाही. ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी दोघांनी सक्तीने भरायच्या छोट्या-मोठ्या रकमा) 2,000 आणि 4,000 होते. माझ्याकडे 50,000 च्या चिप्स होत्या, माझ्या उजवीकडच्या तरुणाकडे 1,00,000, समोरच्याकडे 40,000 आणि डावीकडच्या गृहस्थांकडे फक्त 10,000. शेवटच्या चौघांत आल्यावर तासभर मी फारसे काही खेळलोच नव्हतो, चांगल्या हाताची वाट पाहत होतो. त्या हाताला मी मोठ्या ब्लाइंडवर होतो. डावीकडच्या गृहस्थांनी आणि समोरच्याने फोल्ड केले (पत्ते टाकले) आणि छोट्या ब्लाइंडवरच्या त्या तरुणाने ऑल-इन केले, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला लावल्या. माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचा राजा होता. मी लगेच कॉल केला, म्हणजे माझ्याही सगळ्या चिप्स त्याच्यासमोर लावल्या. त्याच्याकडे दहा आणि सत्ता निघाली. टेबलावर उघडल्या जाणाऱ्या सामाईक पानांपैकी शेवटच्या पानावर दहा आला आणि मी रिकाम्या हाताने उठलो. माझे मित्र म्हणतात की नशीब वाईट होते, एक्का-राजा कोणी टाकतो का? पण 10,000 च्या चिप्स घेऊन बसलेल्या गृहस्थांचे 2 लाख पक्के झाले, ते माझ्या डोक्यातून जात नाही. माझे चुकले का? जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आटोपली की पुन्हा जाणार आहे. पुन्हा असाच हात आला तर टाकू का? आणि असे हात टाकत राहिलो, तर पहिला क्रमांक कधी येणार? टीप : बक्षिसातून 30 टक्के कर कापला जाणार असेल, तर हिशेब बदलतो का?"

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देते, कारण ते ऐकण्यासाठी तुम्ही तीन पाने वाचत बसावे असे मला वाटत नाही. होय, चुकले. शेवटच्या पानावर दहा आला म्हणून चुकले नाही. तो दहा आला नसता, तुम्ही तो हात जिंकला असता आणि पुढे 5 लाख घेऊन सोलापूरला परतला असता, तरीही तो कॉल चुकीचाच ठरला असता. तुमचे मित्र तुमची समजूत काढण्यासाठी नशिबाचे नाव घेतात, त्यांचा हेतू चांगला आहे. मात्र ती समजूत पटवून घेतलीत, तर जानेवारीत हीच चूक पुन्हा होईल. तुम्ही हिशेबनीस आहात, म्हणून मी हिशेबच मांडते.

प्रथम चिप्सचा हिशेब पाहू, कारण त्या क्षणी तुमच्या मनात तोच असणार. 4,000 चा ब्लाइंड तुम्ही आधीच भरला होता. पुढे 46,000 घालून जिंकल्यास तुमच्याकडे 1,00,000 झाले असते. म्हणजे चिप्सच मोजायच्या असतील, तर 100 पैकी 46 वेळा जिंकणारा हात कॉलला पुरेसा होता. एकाच रंगाचा एक्का-राजा हा कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध साधारण 67 टक्के वेळा जिंकतो. 67 आणि 46 यांच्यात एवढे अंतर असताना विचार करायचा तरी कशाचा, असे तुम्हाला वाटले असेल, आणि स्पर्धेच्या पहिल्या तासात तसे वाटणे अगदी योग्य होते.

पण शेवटच्या चौघांत बसलेला माणूस चिप्स घरी नेत नाही, तो रुपये नेतो, आणि चिप्सचे रुपये सरळ प्रमाणात होत नाहीत. ज्याने सगळ्या 2,00,000 चिप्स गोळा केल्या, त्यालाही 10 लाखांपैकी 5 लाखच मिळतात. उरलेले 5 लाख अशा दोघांना जातात ज्यांच्याकडे शेवटी एकही चिप उरलेली नसते. हे एकदा नीट डोळ्यांसमोर आले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. कोणाच्या चिप्सची किती रुपये किंमत धरावी, हे काढण्याची एक रीत आहे. खेळाडू तिला आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल, म्हणतात. तिचे मूळ सूत्र डेव्हिड हार्व्हिल यांनी 1973 साली घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडले होते आणि मेसन माल्मुथ यांनी 1987 साली ते पोकरला लावले. तिचे गृहीतक सोपे आहे. एकूण चिप्सपैकी ज्याचा जितका वाटा, तितकी त्याची पहिला येण्याची शक्यता. पहिला ठरला की त्याच्या चिप्स बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांत दुसऱ्या क्रमांकासाठी तोच नियम लावायचा, मग तिसऱ्यासाठी. कागद-पेन घेऊन बसलात तर चौघांचा हिशेब अर्ध्या तासात होतो.

मी तुमचे टेबल आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर शेंगदाण्यांनी मांडून पाहिले. एक शेंगदाणा म्हणजे 1,000 च्या चिप्स. शंभरचा एक ढीग, पन्नासचा तुमचा, चाळीसचा समोरच्याचा आणि दहा दाण्यांचा तो डावीकडच्या गृहस्थांचा, जो मुठीत धरला तर दिसतही नाही. मग प्रत्येक ढिगापुढे त्याची रुपयांतली किंमत लिहिली. शंभर दाण्यांचा ढीग 3,76,000 रुपयांचा निघाला. तुमचा पन्नासचा ढीग 2,87,000 चा. चाळीसचा 2,58,000 चा आणि दहा दाण्यांचा तो छोटासा ढीग जवळजवळ 79,000 चा. आता एका दाण्याचा भाव काढा. मोठ्या ढिगात एक दाणा सुमारे 3,760 रुपयांना पडतो, तुमच्या ढिगात 5,740 ला आणि त्या दहाच्या ढिगात 7,860 ला. दाणे तेच, एकाच बरणीतले. ज्याच्याकडे कमी, त्याचा दाणा महाग.

तुमच्या कारखान्यात याचा अनुभव तुम्ही रोज घेत असाल. गोदामात सुताचे पन्नास कोन पडलेले असताना एक्कावन्नावा कोन आला काय आणि न आला काय, त्याने फारसा फरक पडत नाही. पण माग चालू आहेत, ऑर्डर उद्या द्यायची आहे आणि शेवटचाच कोन शिल्लक आहे, अशा वेळी तो कोन जुगारावर लावायला कोणी मालक तयार होणार नाही, मग समोरच्याने दुप्पट देण्याची बोली केली तरीही. तुम्ही त्या रात्री तुमचे पहिले पन्नास दाणे लावले आणि त्यांच्या बदल्यात दुसरे पन्नास मागितले. पहिल्या पन्नासांची किंमत 2,87,000 रुपये होती. दुसऱ्या पन्नासांची किंमत, म्हणजे पन्नासवरून शंभरवर गेल्याने होणारा लाभ, 89,000 रुपये होती. दाण्यामागे 1,790 सुद्धा नाही. हा सौदा कोणी कागदावर लिहून तुमच्यासमोर ठेवला असता, तर तुम्ही सही केली नसती.

आता तुमच्या प्रत्यक्ष हाताकडे येऊ. फोल्ड केले असते तर भरलेला ब्लाइंड गेला असता, तुमच्याकडे 46,000 उरले असते आणि त्या तरुणाकडे 1,04,000 झाले असते. त्या 46,000 ची किंमत साधारण 2,78,000 रुपये होते. कॉल करून जिंकला असता तर 3,76,000. हरलात तर शून्य. कॉल आणि फोल्ड यांची बरोबरी होण्यासाठी 2,78,000 ला 3,76,000 ने भागायचे, उत्तर 0.74 येते. म्हणजे तुमचा हात 100 पैकी किमान 74 वेळा जिंकणारा हवा होता. चिप्सच्या हिशेबात हाच आकडा 46 होता, हे विसरू नका. 46 आणि 74 यांच्यामधल्या या पट्ट्यातच तुमची चूक लपलेली आहे, आणि एक्का-राजाचे 67 बरोबर तिथेच पडतात.

मी 67 हा आकडा मुद्दाम तुमच्या बाजूने घेतला आहे. त्या तरुणाने आपले पत्ते न पाहताच सगळे आत ढकलले असे धरले, तरच तो लागू होतो. म्हणजे समोरचा डोळे झाकून खेळत असतानाही तुमचा एक्का-राजा टाकण्याच्याच लायकीचा होता. तो पत्ते पाहून, निवडून ऑल-इन करत असेल, तर तुमची टक्केवारी आणखी खाली येते, कारण छोट्यात छोटी जोडीसुद्धा एक्का-राजाच्या किंचित पुढे असते. आणखी पुढे जाऊन सांगते. त्याने दहा आणि सत्ता उलटे करून तुम्हाला आधीच दाखवले असते, तरीही फोल्डच करायला हवे होते. त्या पत्त्यांविरुद्ध तुम्ही 100 पैकी साधारण 65 वेळा जिंकता. 3,76,000 च्या 65 टक्के म्हणजे 2,44,000, आणि फोल्डचे 2,78,000. समोरचा हात कमजोर आहे हे डोळ्यांनी दिसत असतानाही कॉल करणे सरासरी 33,000 रुपयांना पडले असते. हे वाक्य मी पहिल्यांदा स्वतःसाठी लिहून काढले, तेव्हा मलाही ते पचायला दोन दिवस लागले होते, म्हणून तुम्हाला ते आत्ता पटले नाही तर घाई करू नका, दाणे मांडून पुन्हा करून पाहा.

डावीकडच्या गृहस्थांची गोष्ट तुमच्या मनातून जात नाही असे तुम्ही लिहिले आहे. तुमचे मन योग्य ठिकाणी अडकले आहे, कारण तुमचे पैसे नेमके कुठे गेले ते तिथेच कळते. तुम्ही उठलात तेव्हा तुमच्या ढिगाची 2,87,000 ची किंमत टेबलावरच राहिली. ती कोणाकोणात वाटली गेली हे पाहा. ज्याने तुम्हाला हरवले, त्या तरुणाला त्यातले जेमतेम 71,000 मिळाले. समोरच्या खेळाडूला सुमारे 63,000. आणि डावीकडच्या त्या गृहस्थांना, ज्यांनी दोन पत्त्यांचे कोपरे उचलून पाहिले आणि पुढे सरकवून दिले, 1,52,000 मिळाले. तुमच्या पैशांचा मोठा हिस्सा त्या हातात न खेळलेल्या दोघांनी नेला. बक्षिसांच्या उंबरठ्यावर, ज्याला खेळाडू बबल म्हणतात, दोन मोठे ढीग एकमेकांवर आदळले की त्या धडकेची किंमत ते दोघे भरतात आणि बाजूला बसलेले उचलतात. अगदी जिंकणारा सुद्धा सरासरीत तोटा सोसत असतो. त्या तरुणाला जिंकल्यास 71,000 मिळणार होते आणि हरल्यास त्याचे 89,000 जाणार होते. मग त्याने दहा-सत्तावर ऑल-इन का केले? कारण तुम्ही जवळजवळ सगळे हात टाकाल असे त्याने धरले होते, आणि समजून खेळणाऱ्या खेळाडूविरुद्ध ते बरोबरच ठरले असते. त्याची खेळी चांगली होती. तुम्ही तिला चुकीचे उत्तर दिलेत आणि त्या चुकीचा भार त्याच्यावरही टाकलात, इतकेच.

आणखी एक गोष्ट आयसीएमच्या सूत्रात येत नाही, पण टेबलावर स्पष्ट दिसत होती. पुढच्याच हाताला मोठा ब्लाइंड त्या गृहस्थांवर येणार होता. 10,000 पैकी 4,000 त्यांना पत्ते पाहण्याआधीच भरावे लागणार होते आणि त्याच्या पुढच्या हाताला आणखी 2,000. सूत्र फक्त ढिगांचे आकारमान बघते, कोणाची पाळी कधी येते ते बघत नाही. म्हणून तुमच्या फोल्डची खरी किंमत 2,78,000 पेक्षाही थोडी जास्तच होती, आणि कॉलसाठी लागणारी टक्केवारी 74 च्या वर सरकत होती. उलट बाजूही सांगायला हवी : 46,000 म्हणजे साडेअकरा मोठे ब्लाइंड, आणि ढीग मोठा असलेला खेळाडू तुम्हाला दर फेरीला असेच ढकलत राहील, हा तोटाही सूत्रात नाही. दोन्ही गोष्टी तोलल्या तरी, ज्याला पुढच्या दोन हातांत टेबल सोडावे लागण्याची दाट शक्यता आहे असा माणूस तुमच्या डाव्या हाताला बसलेला असताना, माझा कौल थांबण्याकडेच आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पुन्हा असा हात आला तर टाकू का. येथे मला थोडे थांबवायचे आहे, कारण माझे वरचे सगळे वाचून तुम्ही एक्का-राजा म्हणजे टाकण्याचा हात अशी गाठ बांधलीत, तर मी तुमचे नुकसान केले असे होईल. हात तोच, टेबल तेच, पण त्या तरुणाऐवजी डावीकडच्या गृहस्थांनी त्यांचे 10,000 आत ढकलले आहेत आणि बाकी दोघांनी पत्ते टाकले आहेत असे धरा. तुम्हाला फक्त 6,000 आणखी घालायचे आहेत. फोल्ड केले तर तुमच्या ढिगाची किंमत 2,66,000 राहते, कॉल करून हरलात तर 2,40,000, जिंकलात तर तिघेही बक्षिसात आणि तुमचा वाटा 3,30,000. येथे 100 पैकी 29 वेळा जिंकणारा हातसुद्धा पुरतो. एक्का-राजा तर सोडाच, राजा-नव्वा घेऊनही मी कॉल करेन. एकाच हाताला एका माणसाविरुद्ध 74 लागतात आणि दुसऱ्याविरुद्ध 29, म्हणून पत्ते पाहण्याआधी कोण तुम्हाला बाहेर काढू शकतो आणि कोण नाही हे पाहून ठेवायचे असते. ज्याचा ढीग तुमच्यापेक्षा मोठा, त्याच्याशी भिडताना सगळे पणाला लागते. ज्याचा ढीग तुमच्याहून बारीक, त्याच्याशी भिडताना तुम्ही हरलात तरी खुर्चीवर राहता.

त्या तरुणाविरुद्ध मी कोणते हात घेऊन कॉल केला असता, हेही सांगते. तो कोणत्याही दोन पत्त्यांवर ढकलतो अशी माझी खात्री असती, तर एक्क्यांची जोडी 85 टक्के, राजांची 82, राण्यांची 80, गुलामांची 77 आणि दह्यांची 75, एवढ्यांवर कॉल बसतो. दह्यांची जोडी तर अगदी काठावर. नव्व्यांची जोडी 72 वर थांबते, ती टाकायची. तो जरा निवडून ढकलतो आहे असे दोन फेऱ्यांत लक्षात आले असते, तर दहा आणि गुलाम मी सोडून दिले असते आणि राण्यांवर दहा वेळा विचार केला असता, कारण राण्यांच्या जोडीला कोणताही एक्का असलेला हात भेटला की ती 70 च्या आसपास येते आणि एक्का-राजा भेटला तर 56 वर. जोडी आणि एक्का-राजा यांच्यातला हा फरक सोलापुरातल्या आपल्या पत्त्यांच्या अड्ड्यांवर फारसा कोणी करत नाही, कारण तीन पत्तीत एक्का वर असला की छाती फुगते. एक्का-राजाला जिंकण्यासाठी बहुधा काहीतरी लागावे लागते; जोडी आधीच लागलेली असते. 67 आणि 80 यांच्यातले अंतर तेवढ्यावरूनच येते.

एक्का-राजा टाकवत नाही यामागे लोभापेक्षा दुर्मिळता जास्त असते, असे माझे मत आहे. दोन पत्त्यांच्या 1,326 जोडण्यांपैकी एक्का-राजाच्या 16 असतात. म्हणजे सरासरी 83 हातांत तो एकदा दिसतो. रात्रीचे बारा वाजून गेलेले, आठ तास खुर्चीवर काढलेले, मागचे चाळीस हात कचरा आलेला, आणि मग दोन पत्त्यांचे कोपरे उचलल्यावर ते दोघे दिसतात. त्या क्षणी माणसाला वाटते की हे आपल्यालाच दिलेले आहे. मला हे वाटणे चांगले ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी मी गोव्यात एका सॅटेलाइट स्पर्धेत बसले होते, ज्यात पहिल्या 10 जणांना मोठ्या स्पर्धेचे सारखेच प्रवेशपत्र मिळणार होते आणि आम्ही 11 जण उरलो होतो. चिप्समध्ये मी तिसरी होते. माझ्यापेक्षा मोठा ढीग असलेल्या एका बाईंनी ऑल-इन केले आणि मी पत्ते उचलून पाहिले तर बदामचा आणि किलवरचा, दोन एक्के. मी ते तसेच पालथे डीलरकडे सरकवले. बोटे थरथरत होती, आणि पत्ता चिपला अडकून उलटतो की काय अशी भीती वाटत होती, कारण तो उलटला असता तर सगळ्या टेबलाने मला वेड्यात काढले असते. चार हातांनंतर सर्वांत लहान ढिगाचा माणूस गेला आणि आम्ही दहाही जण उठून उभे राहिलो. एक्क्यांची जोडी 85 टक्के जिंकते. पत्ते टाकून ते प्रवेशपत्र मिळण्याची माझी शक्यता त्याहून कितीतरी वर होती, आणि जिंकून मला दुसरे प्रवेशपत्र मिळणार नव्हते. सगळी बक्षिसे सारखी असतील तेव्हा हे टोकाला जाते. तुमच्या स्पर्धेत पहिला आणि तिसरा यांत 3 लाखांचे अंतर होते, म्हणून तेथे एक्के टाकायचे नव्हते, पण एक्का-राजा टाकायचा होता. बक्षिसांची उतरंड जितकी सपाट, तितके जास्त हात टाकावे लागतात, हे लक्षात ठेवलेत की नव्या स्पर्धेत गेल्यावर आधी बक्षिसांचा फलक वाचण्याची सवय लागेल.

तिसरा प्रश्न तुमच्या मित्रांचाही दिसतो : असे टाकत राहणारा पहिला कधी येणार? या प्रश्नात तथ्य आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. नुसते टाकणारा माणूस तिसऱ्या क्रमांकापर्यंत रांगत जातो आणि तेथे ब्लाइंडखाली चिरडतो. परंतु चिप्स वाढवण्याचा मार्ग कॉल हा नाही, स्वतः आधी ऑल-इन करणे हा आहे. कॉल करणाऱ्याला पत्ते उघडल्यावरच जिंकता येते; आधी ढकलणाऱ्याला समोरच्याने पत्ते टाकले तरी जिंकता येते, आणि वर सांगितलेली सगळी भीती मग समोरच्याच्या पोटात असते. तुमच्या टेबलावर 40,000 वाला खेळाडू तुमच्यासमोर नेमका त्याच कोंडीत होता ज्या कोंडीत तुम्ही त्या तरुणासमोर होता. त्याच्यापेक्षा तुमचा ढीग मोठा होता आणि डावीकडे 10,000 वाले गृहस्थ जात नाहीत तोवर त्यालाही बाहेर पडणे परवडणारे नव्हते. मोठा तरुण पत्ते टाकून मोकळा झाला आणि मोठ्या ब्लाइंडवर हा समोरचा खेळाडू असला, की एक्का-राजा तर नक्कीच, पण एक्का-पंजा किंवा राजा-गुलामसुद्धा बेधडक आत ढकलण्याची ती जागा होती. पत्रात तुम्ही लिहिले आहे की शेवटच्या चौघांत आल्यावर तासभर तुम्ही फारसे काही खेळलाच नाही, चांगल्या हाताची वाट पाहत होता. मला वाटते, खरी गफलत त्या तासात आहे. तासभर हात राखून बसल्यामुळे एक्का-राजा आला तेव्हा आता नाही तर केव्हा असे झाले, आणि ज्याच्याशी भिडायचे नव्हते त्याच्याशीच भिडलात.

कराबद्दल तुम्ही टीप घातली होती, की 30 टक्के कापले जाणार असतील तर हा हिशेब बदलतो का. पत्त्यांच्या खेळातील बक्षिसावर सरसकट 30 टक्के दराने कर लागतो, त्यात उत्पन्नाच्या पायऱ्या नाहीत. 2,78,000 चे आणि 3,76,000 चे दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात खाली येतात, म्हणून 74 टक्के तसेच राहतात. हातात येणारी रक्कम मात्र कमी असते, ती घरच्या खर्चात धरताना कर वजा करूनच धरा. प्रवेश फी त्यातून वजा होत नाही.

सरावाविषयी एक काळजी आहे. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्यानंतर आपल्याकडे फार्महाउसवर किंवा कोणाच्या गच्चीवर रात्रीचे डाव बसू लागल्याचे कानावर येते. तेथे जाऊ नका. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस कारवाई होऊ शकते, आणि तुमच्यासारख्या दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या नोकरीला ते झेपणारे नाही. जो सराव तुम्हाला हवा आहे, त्याला पैसेच लागत नाहीत. ज्या मित्रांनी तुम्हाला नशिबाची समजूत घातली, त्यांच्यापैकी तिघांना रविवारी घरी बोलवा. शंभर, पन्नास, चाळीस आणि दहा असे ढीग करा, तीन बक्षिसे कागदावर लिहा आणि तोच प्रसंग वीस वेळा खेळा, दर वेळी जागा बदलून. तुम्ही एकदा तरी दहा दाण्यांच्या ढिगामागे बसा. दोन मोठे ढीग भिडतात तेव्हा त्या खुर्चीवर काय वाटते ते तुम्हाला कळेल, आणि मित्रांनाही.

राहिला तो शेवटच्या पानावरचा दहा. तो येण्याआधीच निर्णय झालेला होता, तेव्हा त्याच्याकडे पाहण्यात रात्री घालवू नका. त्याऐवजी त्या आधीच्या तासातले जेवढे हात आठवतात तेवढे वहीत लिहून काढा, प्रत्येक हाताला कोण कुठे बसला होता आणि तुम्ही आधी ढकलू शकला असता का, एवढेच. यात्रेला अजून पाच आठवडे आहेत. ती वही मला पाठवलीत तर मी प्रत्येक हातापुढे माझा आकडा लिहून परत पाठवीन.